कानबाईचं कुंकू लागलेली पोत

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या कॉलनीतल्या बायकांसाठी मी नियम लिहून काढले होते. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. एकटीनं जायचं नाही. रस्त्याच्या उजव्या अंगानं चालायचं, म्हणजे गाडी समोरून येते, पाठीमागून नाही. पदर किंवा ओढणी गळ्याभोवती घ्यायची. कुणी पत्ता विचारायला गाडी थांबवली तर लांबूनच "माहीत नाही" म्हणायचं, माहीत असला तरी. आणि गळ्यात खरी पोत घालायची नाही, एक ग्रॅमवाली घालायची.

पोत म्हणजे मंगळसूत्र. आमच्याकडे मंगळपोत म्हणतात.

धुळ्यात त्या वर्षी पोती ओढायचं फारच वाढलं होतं. आधी हायवेकडच्या नवीन वस्तीतून बातम्या यायच्या, मग देवपूरच्या बाजूनं, मग आमच्याच भाजीवालीच्या गाडीसमोरून एकीची गेली. शेजारच्या ताईंची ओढली ती एक ग्रॅमची निघाली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याच कंपाउंडच्या आत पडलेली सापडली. ताईंना पोत गेल्यापेक्षा परत आल्याचा राग जास्त आला. "फेकून दिली मेल्यांनी! दिसायला काय वाईट होती?" असं त्या आठवडाभर सगळ्यांना विचारत होत्या.

निवेदन घेऊन आम्ही बायका पोलीस ठाण्यात गेलो. मी कॉलेजच्या ऑफिसात आस्थापना सांभाळते, त्यामुळे निवेदन कसं लिहायचं, कुणाला प्रत द्यायची, पोच कशी घ्यायची हे मला ठाऊक. साहेबांनी ते नीट वाचलं. मग म्हणाले, "ताई, गस्त लावतो. फक्त माणसं कुठून काढू ते तुम्हीच सांगा." बोटं मोजत त्यांनी हिशेब मांडला. इतके नेत्याच्या दौऱ्याला, इतके कावडीच्या मिरवणुकीला, इतके कोर्टात आरोपी न्यायला, दोघं रजेवर, एकाला डेंग्यू. मी पर्समधून पेन काढलं आणि कोणत्या वेळेला कोणता रस्ता महत्त्वाचा याचा तक्ता तिथंच करून दिला. साहेबांनी तो घेतला, घडी करून खिशात ठेवला. काही दिवस सकाळी मोटारसायकलवर दोन पोलीस खरंच फिरले. मग पोळ्याचा बंदोबस्त, मग गणपतीचा, आणि ते दिसेनासे झाले. राग धरावा असं काही साहेबांनी केलं नव्हतं. पण राग येत होता, आणि तो कुणावर धरायचा हे काही कळत नव्हतं.

हे निवेदन द्यायच्या आधीची, त्याच वर्षीच्या श्रावणातली गोष्ट सांगायची आहे.

आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून, साडी नेसवून देवी सजवतात. चौरंगाला केळीचे खांब बांधतात. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. पूर्वी पारोळ्याला मोठ्या दिरांकडे जमायची, आता बरेचजण धुळ्यात आल्यामुळे आमच्याकडे जमते. सोमवारी सकाळी वाजतगाजत पांझरेवर नेऊन तिचं विसर्जन करायचं.

कानबाईच्या अंगावर घरातलं सोनं चढतं. खरं सोनं. बँकेच्या लॉकरमधून, पिठाच्या डब्यातून, कुठून कुठून निघालेलं. यात एक ग्रॅमचं चालत नाही. मी एकदा सुचवून पाहिलं होतं. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तो विषय परत काढला नाही.

"देवीले खोटं घालशी?" त्या म्हणाल्या. "मंग नैवेद्य बी कागदना दाखाड."

अक्का पारोळ्याला राहतात, कापसाची शेती आहे. बोलतात अहिराणी, आणि माझ्याशी बोलताना ती मुद्दाम जास्त घट्ट करतात असा माझा संशय आहे. त्यांच्या पोतीत दोन वाट्या. एक सासरची, एक माहेरची. माहेरची वाटी त्यांच्या आईनं आपल्या गळ्यातून काढून दिलेली. आई गेली, भाऊ वेगळे झाले, माहेरचं घर विकलं गेलं. माहेराहून आलेली वस्तू म्हणून अक्कांपाशी एवढी एक वाटी उरली होती. हे त्यांनी मला कधी बसवून सांगितलं नाही. पण पोळ्या लाटताना, कापूस वेचताना, बसमध्ये डुलकी काढताना त्यांचा अंगठा त्या वाटीवर असायचा.

सोमवारी सकाळी देवीच्या अंगावरचं सोनं उतरवलं की आमच्याकडे ते डब्यात ठेवत नाहीत. ज्याचं त्यानं अंगावर घालायचं आणि ते घालूनच देवीला नदीपर्यंत पोचवायचं. त्यावर रात्रभराची हळद, कुंकू, अक्षता चिकटलेल्या असतात, त्या पुसायच्या नसतात. म्हणजे वर्षभर लॉकरमध्ये असलेलं सोनं त्या एका सकाळी खान्देशातल्या प्रत्येक रस्त्यावर बायकांच्या गळ्यात उघडं चालत असतं. एवढी साधी गोष्ट माझ्या नियमांच्या कागदात नव्हती. पोती ओढणाऱ्यांच्या मात्र लक्षात होती.

विसर्जन करून परत येत होतो. भिजलेल्या साड्या, हातात रिकामे ताम्हण, कुणाच्या तरी पोरीची चप्पल नदीवर राहिली म्हणून मी मागे वळलेली. अक्का चार पावलं पुढं. मोटारसायकलवर दोघं, दोघांच्या अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. मागच्यानं हात घातला. अक्का ओरडल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी रस्त्यावर चाचपडायला लागल्या. काळे मणी सगळीकडे घरंगळत होते.

"मनी वाटी देखा," त्या म्हणत होत्या. "आठेच पडनी व्हई. देखा ना."

वाटी पडली नव्हती. आम्ही मणी गोळा केले, ते मी रुमालात बांधले. आणि गाडीचा नंबर मी लक्षात ठेवला होता. या एका गोष्टीचा मला, खोटं कशाला बोलू, त्या गडबडीतसुद्धा अभिमान वाटत होता.

ठाण्यात हवालदारांनी नंबर तपासला. तपासून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हा ट्रॅक्टरचा नंबर आहे."

"मोटारसायकल होती."

"असेल. पण नंबर ट्रॅक्टरचा. नांगराचा ट्रॅक्टर एवढ्या जोरात पळेल का?" त्यांना हसायचं नव्हतं, पण सकाळपासून जेवलेले नव्हते आणि त्यांच्यासमोर आमच्यासारख्याच आणखी बायका ओळीनं बसलेल्या होत्या. "बरं, ओळखीची खूण सांगा."

अक्कांनी ताबडतोब सांगितलं. "वाटीस्मा कानबाईनं कुंकू भरेल शे. पुसेल नई. माले अंधारामा बी वयखू यी."

हवालदारांनी ते शुद्ध मराठीत लिहून घेतलं. मी वाचून खात्री केली. वाट्यांमध्ये कानबाईच्या पूजेचे कुंकू व हळद भरलेली आहे. खूण पक्की होती. मला बरं वाटलं.

नंतर बरेच महिने काहीच झालं नाही. मी दर पंधरवड्याला फोन करायची, "तपास चालू आहे" असं उत्तर यायचं, आणि फोनवरचा आवाज दर वेळी वेगळ्या माणसाचा असायचा. एकदा मी ठाण्यात जाऊन पाहिलं तर ते हवालदार निवडणुकीच्या पेट्यांबरोबर शिरपूरला गेलेले. अक्कांनी गळ्यात हळदीच्या दोऱ्यात काळे मणी घातले होते, माझ्या रुमालातलेच. मधे वाटी नव्हती, तरी अंगठा तिथं जायचा आणि परत यायचा.

मग एके दिवशी फोन आला. जळगावला टोळी सापडली. त्यांनी धुळ्याच्याही चोऱ्या कबूल केल्यात. माल जळगावच्या ठाण्यात आहे, येऊन ओळखा. आमच्याकडून माणूस पाठवायला हवा होता, पण ताई, माणूस नाही, तुम्हीच जाऊन या, मी तिकडं फोन करून ठेवतो.

मी कागद तयार केले. तक्रारीची प्रत, आधारकार्ड, अक्कांच्या लग्नातला फोटो. फोटोत अक्कांच्या गळ्यात हारच इतके होते की पोत असेल एवढंच मानायचं. सकाळच्या बसनं मी निघाले, पारोळ्याला अक्का चढल्या. त्यांनी नवी साडी नेसली होती आणि मांडीवर पेढ्यांचा पुडा होता.

"आधी सापडू द्या," मी म्हणाले.

"सापडनी म्हणूनच ते बलाई ऱ्हायनात ना?" त्या म्हणाल्या. एरंडोल गेलं तरी त्या पुड्याची दोरी सारखी नीट करत होत्या.

जळगावच्या ठाण्यात एक चष्मा कपाळावर चढवलेले हवालदार होते. त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या आणि टेबलावर स्टीलच्या ताटात मांडल्या. पोती, पोतींचे तुकडे, सुट्या वाट्या, एक लहान मुलाचं कडंसुद्धा. अक्का वाकल्या. त्यांनी फार वेळ घेतला नाही. एका पिशवीवर बोट ठेवलं. दोन वाट्या, मधे थोडे सोन्याचे मणी, तुटक्या दोऱ्यावर दोनचार काळे.

"हाई मनी शे. देखा, कुंकू."

होतं. वाट्यांच्या आतल्या बाजूला वाळून काळसर झालेलं लाल. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी कागद काढायला सुरुवात केली.

"थांबा ताई," हवालदार म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि एक फाईल उघडली. "ही बघा जळगावची तक्रार. ओळखीची खूण, वाटीत कानबाईचे कुंकू. ही दुसरी. कानबाईचे कुंकू व हळद. ही तिसरी, पोतीस कानबाईचे कुंकू लागलेले आहे. ही अमळनेरची." त्यांनी फाईल बंद केली. "सगळ्यांची खूण कानबाईनंच दिलीये. आता मी आरोपी कानबाईला करू का फिर्यादी?"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मीही. इतके महिने जी खूण मी पक्की धरून होते, ती सगळ्या खान्देशाची होती.

"आणि याच पिशवीवर आणखी एक बाई बोट ठेवून गेल्यात," हवालदार म्हणाले. "म्हणजे गेल्या नाहीत. बाहेर बसल्यात."

बाहेरच्या बाकावर त्या बसल्या होत्या. अक्कांच्याच वयाच्या. रावेरकडच्या, केळीचा मळा तिकडं, आता मुलाबरोबर जळगावला राहणाऱ्या. त्यांनी आम्हाला बघून उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं साथ दिली नाही म्हणून तसंच बसल्याबसल्या हात जोडले.

"तुम्ही पण का व माय?" त्या म्हणाल्या.

दोघींना पिशवी पुन्हा दाखवली गेली. मी मधे उभी राहून पद्धतशीर विचारायला सुरुवात केली, कारण हवालदारांना कोणीतरी दुसरीकडून हाका मारत होतं. वाट्या केवढ्या? एवढ्याच. जाळीच्या का साध्या? साध्या. सोन्याचे मणी किती? दोघींनी वेगवेगळे आकडे सांगितले, आणि पिशवीत तिसराच आकडा होता. पण तुटताना काही पडले असणारच. माहेरची वाटी कोणती? दोघींनी एकाच वाटीकडं बोट केलं. मग दोघींनीही बोट मागं घेतलं.

"माह्या पोतीले दोन पिना लटकवलेल्या होत्या," त्या बाई म्हणाल्या. "सेफ्टीपिना."

"मन्या बी दोन," अक्का म्हणाल्या.

"पिना कशाला शिल्लक ठेवतील ते," हवालदार आत डोकावून म्हणाले. "चोराला पण गरज पडते पिनांची. ठरवा लवकर, मला मोर्च्याला जायचंय."

पिशवीतले काळे मणी मी माझ्या रुमालातल्या मण्यांशी लावून पाहिले. तेच होते. काळे मणी सगळीकडे तेच असतात.

त्या दिवशी काही ठरलं नाही. माल कोर्टातून सोडवून घ्यावा लागतो, सुपूर्दनामा म्हणतात त्याला; तिथं जे काय ते कोर्ट बघेल, असं हवालदारांनी सांगितलं. अक्कांनी पेढ्यांचा पुडा परत न्यायचा नाही म्हणून तिथंच उघडला. त्या बाईंनी एक घेतला, हवालदारांनी दोन.

कोर्टाचे कागद मी केले. ते मला जमतं. पण अर्जात "सदर पोत माझीच आहे" हे वाक्य लिहिताना मी अक्कांना फोन लावला.

"तुम्हाला खात्री आहे ना, अक्का?"

"तुले काय वाटस?"

"माझं सोडा. पोत तुमची आहे."

"मंग लिख," त्या म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "मनीच व्हई."

तारखा पडत गेल्या. एका तारखेला त्या बाई आल्या नाहीत. पुढच्या तारखेच्या आधी त्यांचा फोन आला. मुलानं नवीन पोत करून दिलीय, कोर्टाचे जिने चढवत नाहीत, मी माझं म्हणणं मागं घेते. "ताई, कानबाईनं तुमाले दिली म्हणा," त्या म्हणाल्या. आवाजात रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं.

पोत मिळाली. अक्कांनी पारोळ्याच्या पटवेकऱ्याकडून ती नव्या दोऱ्यात ओवून घेतली आणि गळ्यात घातली. आम्हाला वाटलं, संपलं.

पण एक वाटी उलटी व्हायला लागली. माहेरची म्हणून जी धरली होती तीच. अक्का सरळ करायच्या, चार पावलं चालल्या की ती पुन्हा पालथी. त्या फोन करून मला सांगायच्या, जणू मी काही करू शकत होते.

"पयले व्हये का हो उलटी?" मी त्यांच्याच भाषेत विचारायची.

"नव्हती व्हत." मग स्वतःशीच, "का व्हये? माले आते याद नई."

त्यांचा अंगठा आयुष्यभर त्या वाटीवर होता. त्या अंगठ्यानं ती सारखी सरळ केली जात होती की नुसती धरलेली असायची, हे त्यांनाच आठवेना. पटवेकऱ्यानं गाठ वेगळी मारली असेल, असं मी म्हणाले. पटवेकरी म्हणाला, माझी गाठ तीच असते.

पुन्हा श्रावण आला. या वेळी मी सगळं ठरवलं होतं. विसर्जनाला रिक्षा सांगितल्या, पोरांना दोन्ही बाजूंनी चालायला सांगितलं, ठाण्यात आधी जाऊन अर्ज दिला. साहेब नवीन होते. त्यांनी निवेदन नीट वाचलं आणि बोटं मोजायला सुरुवात केली.

रविवारी कानबाई बसली. दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागली होती. संध्याकाळी आरती झाल्यावर दारात त्या जळगावच्या बाई उभ्या. धुळ्याला भाचीकडं आल्या होत्या, आमचा पत्ता कोर्टाच्या कागदावर होता. अक्का स्वैपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, ओळखीच्या पण कुठल्या ते न आठवणाऱ्या बायका हसतात तसं.

आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याचा रोट फक्त भाऊबंदकीनंच खायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत. त्यामुळे त्यांना काय द्यावं हे मला कळेना. मी चहा ठेवला. परत आले तेव्हा त्या चौरंगासमोर बसल्या होत्या. देवीच्या गळ्यात सगळ्या पोती होत्या आणि वरच अक्कांची. ती वाटी उलटी होती.

बाईंनी कुंकू वाहिलं. आणि वाहता वाहता, बघितलंही नाही असं म्हणता येईल इतक्या सहज, त्या वाटीच्या शेजारचा सोन्याचा मणी त्यांनी नखानं वाटीखाली सरकवला आणि वाटी वळवली. वाटी सरळ बसली. मग त्या हात जोडून उठल्या, गुडघा धरून, "चहा नको व माय, भाची वाट पाहून राह्यली" म्हणत निघाल्या.

अक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. वाटी परत उलटी झाली नाही. रात्रीच्या आरतीच्या वेळी देवीला हलवलं तरी नाही.

सोमवारी सकाळी सोनं उतरवलं. ज्यानं त्यानं आपापलं घातलं. अक्कांनी ती पोत घातली नाही. रुमालात बांधली, कमरेला खोचली आणि विसर्जनाला नुसत्या काळ्या मण्यांवर चालल्या. घरी आल्यावर मला विचारलं, "तिना पत्ता शे ना तुन्हाजोडे?"

"आहे. पण अक्का, असं एका बोटावरून कसं ठरवायचं? कुठलीही बाई सरळ करेल वाटी. सवय असते."

"माले नव्हती ती सवय. मणी खाले दाबानी. तिले व्हती."

"तिच्या सुनेची पोत तशी असेल. भाचीची असेल. आणि आपली असली तर?"

"आपली व्हई ते व्हई," त्या म्हणाल्या. "तू चालस का मी एकलीच जाऊ?"

दोन दिवसांनी मी सोबत जळगावला गेले. बाई घरीच होत्या, ओट्यावर केळीचे वेफर्स वाळत घातलेले. अक्कांनी रुमाल सोडून पोत त्यांच्या हातात दिली आणि काय पाहिलं ते सांगितलं. बाईंनी पोत तळहातावर घेतली. पुष्कळ वेळ बघितली. मणी दाबून पाहिला, सोडून पाहिला.

"मी तं त्या दिवशी ध्यानात बी नाई घेतलं," त्या म्हणाल्या. "केलं का मी असं?"

"केलं," अक्का म्हणाल्या.

"माही अशीच होती का?" त्या स्वतःलाच विचारत होत्या. "आता नवी घातल्यापासून जुनी आठवतच नाई व माय. हे घ्या तुमची तुम्हाले."

त्यांनी पुढं केली, अक्कांनी हात मागं घेतला. मग टेबलावर ठेवली गेली, चहाच्या कपांमधे. मला हे असं अधांतरी सहन होत नाही. मी म्हणाले, एकेक वाटी वाटून घ्या. दोन वाट्या आहेत, दोघीजणी आहात.

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"मंगळपोत शे," अक्का म्हणाल्या, "बिस्कीट नई."

बाईंना हसू आलं, अक्कांनाही आलं, आणि त्या हसण्यात माझा उपाय निकालात निघाला. चहा झाला. उठताना अक्कांनी पोत टेबलावरच ठेवली. बाईंनी हाक मारली नाही, मागं धावल्या नाहीत. गुडघा नसता तर धावल्या असत्या का, हे मला सांगता येणार नाही. आम्ही रिक्षानं स्टँडवर आलो.

बसमध्ये मी मनात हिशेब लावत होते. पोत त्यांची असेल तर अक्कांची अजून कुठंतरी ठाण्याच्या कपाटात आहे, किंवा वितळली आहे. मग तक्रार पुन्हा उघडायला हवी. पण कोर्टात आपण लिहून दिलंय की ती आपली आहे. मग ती दिली कुणाला, कोणत्या कागदानं? एक धागा धरला की दुसरा सुटत होता. एरंडोलला बस थांबली तेव्हा बाजूला पोलिसांची जीप उभी होती, आत एक पोलीस तोंड उघडं टाकून झोपलेला. अक्का त्याच्याकडे बघत होत्या. त्यांचा हात गळ्याशी गेला, अंगठा मण्यांवर फिरला आणि खाली आला.

पारोळ्याचा स्टँड आला. अक्का पिशवी काखोटीला मारून उठल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या.

"काय वं," त्या म्हणाल्या, "ती मनीच व्हती ना?"

"मावशी, उतरा लवकर, मागं गाडी आहे," कंडक्टर म्हणाला आणि घंटी दिली.

त्या खाली उतरून खिडकीशी आल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. हात गळ्याशी. बस हलली.

"फोन करते, अक्का," मी म्हणाले. "पोचले की फोन करते."